ताटात दुसरं काय होतं, तेही विचार

प्रिय विनय,

तुझं पत्र आणि धान्याच्या निर्यातबंदीवरचा मसुदा, दोन्ही वाचलं. मसुदा तळटिपांसकट वाचला. आकडेमोड नेटकी आहे, तिच्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस की भाव आवाक्यात राहिल्यामुळे गरीब कुटुंबांचं पोषण शाबूत राहिलं, आणि तिथे मी अडले. हे विधान तुझ्या मॉडेलमधून निघत नाही रे. त्यात धान्याचा भाव आहे, धान्याचा खप आहे, पण त्या घरात जेवायला बसणारी माणसं नाहीत. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी जिथे आपलं एकमत आहे ते सांगते. 2007-08 चं उदाहरण तू घेतलंस ते योग्यच. त्या वर्षी जगात तांदळाचं पीक बुडालेलं नव्हतं. तरी भारताने ऑक्टोबर 2007 मध्ये बासमती सोडून इतर तांदळाची निर्यात रोखली, व्हिएतनामनेही हात आखडता घेतला. फिलिपिन्सने घाबरून मोठाल्या निविदा काढल्या आणि थायलंडचा तांदूळ बघता बघता टनाला 1000 डॉलरच्या वर गेला. जगात पिकणाऱ्या तांदळाचा फार थोडा भाग सीमा ओलांडतो, त्यामुळे दोन-चार देशांनी दार लावलं की उरलेल्या बाजारात हाहाकार उडतो. मग जपान आपल्या साठ्यातला आयात तांदूळ फिलिपिन्सला देणार अशी नुसती बातमी आली आणि भाव उतरायला लागले. तांदूळ गोदामातून हललाही नव्हता! विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हिशेब मांडला की, त्या काळातल्या तांदळाच्या भाववाढीपैकी सुमारे 45 टक्के आणि गव्हाच्या भाववाढीपैकी जवळपास 30 टक्के वाटा देशोदेशींच्या या आपापल्या बचावाच्या धोरणांचा होता. एकाने आपला बाजार वाचवायचा आणि त्याची झळ दुसऱ्याने सोसायची, हे तू चांगलं दाखवलं आहेस. ते पान तसंच राहू दे.

आता माझा मुद्दा. धान्य महागलं की गरीब घर धान्य कमी करत नाही. ते आधी बाकीचं कमी करतं. त्यामुळे धान्याच्या खपाकडे बघून पोषणाबद्दल बोलणारा माणूस नेमक्या चुकीच्या जागी बघत असतो.

मध्य जावामधला अभ्यास तुला ऐकून माहीत असेल, पण तो पुन्हा वाच. इंडोनेशियात 1997-98 मध्ये एकीकडे दुष्काळ आणि दुसरीकडे चलन कोसळलेलं. तांदूळ भडकला. नशिबाने त्याच भागात आया आणि मुलं यांच्या पोषणाची नियमित पाहणी चालू होती, म्हणून संकटाच्या आधीचे, मधले आणि नंतरचे आकडे हाती आले. स्टीव्हन ब्लॉक, पॅट्रिक वेब, पीटर टिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ते मांडले. लहान मुलांची वजनं पाहिलीस तर वाटेल, काही झालंच नाही. वजनं टिकली होती. त्याच घरांतल्या आया मात्र वाळल्या होत्या. मुलांच्या पोटात भात जावा म्हणून त्यांनी आपला घास कमी केला होता. आणि वजन टिकलेल्या मुलांचंही रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन उतरलेलं निघालं. भात विकत घेता यावा म्हणून अंडी आणि पालेभाज्या यांसारख्या गोष्टींवरचा खर्च कापला गेला होता. सर्वांत जबर मार बसला तो त्या दिवसांत पोटात असलेल्या आणि त्याच दिवसांत अंगावरचं दूध सुटून वरच्या अन्नावर आलेल्या मुलांना.

विनय, हा पेपर मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते आणि दरवर्षी त्या आयांच्या वजनाच्या तक्त्याशी रेंगाळते. तुझ्या मॉडेलने त्या संकटाचा हिशेब केला असता तर भाताचा खप जवळपास स्थिर दाखवला असता आणि आपण 'पोषणावर परिणाम नाही' असं लिहून मोकळे झालो असतो. आई वाळलेली आणि बाळ फिकट, यातलं काहीच त्या रकान्यात उमटत नाही.

याची उलटी बाजूही तितकीच बोलकी आहे. बांगलादेशात 1990 च्या दशकात तांदूळ हळूहळू स्वस्त होत गेला. ग्रामीण घरांतला दरडोई भात काही वाढला नाही, तो होता तितकाच राहिला. पण भातावरचा खर्च कमी झाला, वाचलेला पैसा भाताखेरीजच्या अन्नाकडे वळला आणि कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण घटत गेलं. हॅरिएट टॉर्लेस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे दाखवलं. दोन्ही ठिकाणी भाताचा खप जागचा हलत नाही आणि पोषण मात्र हलतं, एकीकडे खाली आणि दुसरीकडे वर. म्हणजे स्वस्त धान्याने मुलांना फायदा होतो, यावर माझं तुझं भांडण नाहीच. तो फायदा कोणत्या वाटेने पोहोचतो, हे तुझ्या मसुद्यात नाही, एवढीच माझी तक्रार आहे. आणि ती वाट ठाऊक नसली की ती मध्येच तुटली तरी आपल्याला कळत नाही.

तू म्हणशील, यात नवल काय, जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेलने 1857 मध्येच सांगितलंय की उत्पन्न वाढलं की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. खरं आहे. पण अन्नाच्या आत काय चालतं ते त्याने सांगितलेलं नाही. त्यासाठी शंकर सुब्रमण्यन आणि अँगस डीटन यांचा 1996 चा पेपर काढ, ग्रामीण महाराष्ट्राच्या आकडेवारीवरचा. कुटुंबाचा एकूण खर्च एक टक्का वाढला तर अन्नावरचा खर्च सुमारे पाऊण टक्का वाढतो, आणि त्यातला साधारण निम्माच जास्त कॅलरी घेण्यात जातो. उरलेला निम्मा जातो त्याच कॅलरी जरा महागाच्या, जरा बऱ्या अन्नातून घेण्यात. इतक्या तंगीतल्या माणसांनाही निव्वळ पोट भरणं पुरेसं वाटत नाही, त्यांना चवीचं आणि चांगलं खायचं असतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण अर्थशास्त्रज्ञ त्यांच्याकडे फार लवकर कॅलरी मोजणाऱ्या नजरेने बघतो.

आणि चीनच्या हुनान प्रांतातला तो प्रयोग! रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी गरीब शहरी कुटुंबांना तांदूळ स्वस्तात मिळावा म्हणून व्हाउचर दिली, तर त्या कुटुंबांनी तांदूळ उलट कमी खाल्ला. हातात पैसे सुटले आणि ते तांदळाऐवजी ज्याची इच्छा होती त्या अन्नाकडे गेले. भाव उतरला की खप कमी होतो अशा वस्तूला गिफेन वस्तू म्हणतात. पाठ्यपुस्तकात नुसता नावाला असलेला हा गिफेन 2008 मध्ये प्रत्यक्ष भेटला म्हणून सगळे हरखले. त्याच दोघांनी पुढे विचारलं की या सवलतीने पोषण सुधारलं का, आणि उत्तर आलं की तसं दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की 'धान्य स्वस्त म्हणजे पोषण चांगलं' हे गृहीत धरून चालायचं नाही, ते दर वेळी तपासायचं.

शेतकऱ्यांच्या परिच्छेदाबद्दल थोडक्यात. भाव पडले की शेतकरी बुडाला आणि चढले की तरला, असं तू सरसकट लिहिलं आहेस. डीटननेच 1989 मध्ये थायलंडच्या तांदळावर काम करताना रीत घालून दिली आहे: घर विकतं किती आणि विकत घेतं किती, यातला फरक काढ आणि तो त्याच्या एकूण खर्चाशी ताडून बघ. अगदी थोडी जमीन असलेली पुष्कळ घरं वर्षभराच्या हिशेबात धान्य विकत घेणारीच असतात. पीक निघालं की देणी भागवायला स्वस्तात विकतात आणि पुढे तेच धान्य चढ्या भावाने आणतात. केनियात मक्याच्या शेतकऱ्यांना सुगीच्या वेळीच कर्ज दिलं तेव्हा त्यांनी माल धरून ठेवला आणि भाव चढल्यावर विकला, म्हणजे अडचण अकलेची नव्हती, हातात रोकड नसण्याची होती. तरी एक लक्षात ठेव: लांबच्या मुदतीत चढ्या भावाने शेतमजुरीही वाढते. डेरेक हेडीने अनेक देशांची आकडेवारी घेऊन दाखवलंय की अन्नाच्या भाववाढीनंतर गरिबी घटलेली दिसते. तेव्हा या परिच्छेदात काळाचा उल्लेख हवाच. पहिले सहा महिने आणि पुढची पाच वर्षं यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. आणि वरच्या अन्नावर नुकत्याच आलेल्या बाळाला पाच वर्षांनी वाढलेल्या मजुरीचा काय उपयोग, हेही त्याच परिच्छेदात यावं असं मला मनापासून वाटतं.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. तू प्रश्नावलीला 'मऊ आकडेवारी' म्हणतोस, म्हणून सांगते की ती कशी तयार होते. घरखर्चाच्या पाहणीत आपण विचारतो की घरात काय आणलं, किती आणलं, किती संपलं. बाई भराभर सांगते, तिला सगळं पाठ असतं. मग आहाराचा भाग येतो. काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत तुम्ही स्वतः काय खाल्लं? इथे ती थबकते. पहिलं उत्तर बहुतेक वेळा असतं, "तेच की, सगळ्यांनी खाल्लं तेच." ते उत्तर लिहून पुढे गेलं की पाहणी वाया गेली समज. पाहणी करणाऱ्या मुलींना मी शिकवते की तिथे घाई करायची नाही, एकेक जेवण घ्यायचं. आधी कोण बसलं? अंडी किती होती, ती कोणाकोणाच्या ताटात गेली? दूध कोणी घेतलं? तुम्ही बसलात तेव्हा भांड्यात काय उरलं होतं? हळूहळू तिच्या रकान्यात धान्य आणि थोडं कालवण एवढंच उरतं. घराच्या रकान्यात मात्र अंडी, दूध, फळ सगळं असतं. सासू किंवा नवरा शेजारी बसला असेल तर हा फरक कागदावर येतच नाही, म्हणून तो भाग आम्ही शक्यतो तिच्याशी एकटीशी बोलून भरतो.

त्यासाठी ठरलेलं मापही आहे. बायकांच्या आहारासाठी अन्नाचे 10 गट धरतात आणि आदल्या दिवसरात्रीत त्यांतले किमान 5 पोटात गेले की नाही ते बघतात. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी आईचं दूध धरून 8 गट, त्यांतले किमान 5. साधं माप आहे, ढोबळ आहे, पण भाव हलले की ते आधी हलतं. वजन आणि उंचीवर परिणाम दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

म्हणून माझ्या सूचना अशा. एक तर फक्त मुख्य धान्याचा भाव घेऊ नकोस. डाळी, अंडी, दूध, पालेभाज्या यांचे किरकोळ भावही घे आणि धान्याच्या एका कॅलरीच्या तुलनेत त्यांची कॅलरी किती पट महाग पडते ते काढ. हेडी आणि हॅरॉल्ड ऑल्डरमन यांनी 2019 मध्ये पावणेदोनशे देशांसाठी हे केलंय, पद्धत तयार आहे. त्यात दिसेल की गरीब देशांत पोटभरीचं अन्न स्वस्त आणि पोषक अन्न त्या मानाने भलतंच महाग आहे. धान्य जहाजातून येतं, महिनोन् महिने टिकतं, त्याचा भाव व्यापार धोरणाने हलवता येतो. पालेभाजी आणि अंडं यांचं तसं नाही, त्यांचा भाव रस्ता, वीज, शीतगृह आणि जवळची पैदास यांवर ठरतो. मग निर्यातबंदी कितीही यशस्वी झाली तरी ताटातल्या त्या भागाला ती थेट हात लावूच शकत नाही. तुझ्या निष्कर्षात हे एक वाक्य आलं तरी मला समाधान वाटेल. 2020 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसुरक्षेच्या वार्षिक अहवालात सकस आहाराची किंमतही मोजली जाते, आणि पहिल्याच वर्षी तीन अब्जांहून जास्त माणसांना तो परवडत नाही असं निघालं. त्या मोजणीला तुझ्या भावांची जोड दिलीस तर काम फार पुढे जाईल.

दुसरं, पोषणाचं विधान करायचंच असेल तर माझ्याकडे ये. आमच्या पाहणीच्या फेऱ्या तुझ्या कालखंडावर पुरत्या बसत नाहीत, पण भाव चढायच्या आधीची एक आणि चढल्यानंतरची एक मिळते. नावं-पत्ते काढून टाकलेले आकडे आणि सांकेतिक क्रमांकांची यादी मी देईन. तू भाव महिनावार दे, वार्षिक सरासरी नको. सरासरीत टंचाईचे दोन महिने बुडून जातात, आणि मला तर तेच बघायचेत.

हॉवर्थ बोइसचं काम आठव. गरीब घर मुख्य धान्य सोडत नाही हे ओळखूनच त्याने धान्याच्या बियाण्यातच लोह, जस्त, अ जीवनसत्त्व वाढवण्याचा ध्यास घेतला आणि 2016 चा वर्ल्ड फूड प्राइझ ज्या चौघांना मिळाला त्यांत तो होता. तोही मूळचा आपल्यासारखाच घरखर्चाचे तक्ते चाळणारा अर्थशास्त्रज्ञ. तुझ्या हातातली आकडेवारी तशीच कुठेतरी उपयोगी पडू शकते, म्हणून इतकं आग्रहाने लिहितेय.

मसुदा पाठवायची मुदत जवळ आली असेल तर तूर्त ते वाक्य काढून टाक आणि 'धान्याचा खप टिकला' एवढंच ठेव. ते खरं आहे आणि तू ते सिद्ध केलं आहेस. मुदत वाढवून घेता आली तर मात्र दोघं मिळून पुढचा भाग करू. सुचेताला विचार, तिच्याकडे किरकोळ भावांची जुनी महिनावार मालिका आहे आणि ती आनंदाने देईल. कळव लवकर.

तुझी,
मृणाल