गून शोचे नगरी मूळ

जुन्या ब्रिटिश नभोनाट्यांच्या रंगमंचीय सादरीकरणावरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. ‘द गून शो’चा विनोद ‘अस्सल लंडनचा’ हे त्यातले विधान मात्र पटले नाही. १९५१ ते १९६० या काळात बीबीसीवर गाजलेल्या या कार्यक्रमाचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ साली अहमदनगरला जन्मला. वडील ब्रिटिश लष्करात, बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये. लंडन त्यानंतरचे.

त्याने रचलेल्या पात्रांपैकी मेजर ब्लडनॉक ऐकावा. बढाईखोर, भित्रा, पैशाला हपापलेला. त्याच्या पोटातल्या गडगडाटासाठी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने खास आवाज तयार केला होता! असा साहेब लंडनच्या गल्लीत नव्हे, छावणीतच घडतो. मिलिगन आणि अभिनेता पीटर सेलर्स रंगवत ती लालकाका-बॅनर्जी या पात्रांची जोडीही हिंदुस्थानातलीच. त्यातली हिंदुस्थानी उच्चारांची नक्कल आज कानाला खटकते, हे मान्य. पण म्हणून तिचा उगम लंडनच्या नावावर कसा चढवता येईल? एवढ्या पानभर लेखात नगरसाठी निदान एक ओळ तरी हवी होती.

– एक नियमित वाचक, अहिल्यानगर