डॉक्टर, त्या पाण्याच्या बाटलीबद्दल

डॉक्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर मी कोण ते तुम्हाला लगेच कळेल. जूनमधल्या त्या धो धो पावसात मुलासोबत आलेली, आणि ‘काय होतंय काकू?’ या प्रश्नाला ‘अशक्तपणा’ एवढंच उत्तर देऊन गप्प बसलेली मी.

रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले. अजून आठवलं की डोळे भरून येतात.

संडासवाटे रक्त मला गेल्या गणपतीपासून जात होतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर खाल्ली होती, म्हणून तिच्यावर ढकललं. आठवड्याने बीट नव्हतं, रक्त होतं. घरात कोणाला सांगणार? नौपाड्यात माझं पोळीभाजीचं काम आहे, पहाटे चारला उठून कणीक भिजवायची असते. हळूहळू लाटतानाच हात गळायला लागले. ठाणे स्टेशनचा पूल चढताना दोनदा कठड्याला धरून उभी राहायचे. वय झालं, असं स्वतःला समजावत होते. वय माझं ५४.

तुमच्या आधी मी एका दवाखान्यात जाऊन आले होते, हे तुम्हाला सांगितलं. तिथे काय झालं ते नव्हतं सांगितलं. मान वर न करता ‘मूळव्याध आहे, तिखट बंद करा, इसबगोल घ्या’. ना तपासलं, ना वजन बघितलं, ना घरात कोणाला पोटाचा आजार होता का ते विचारलं. बाहेर बाकावर दहाबारा माणसं बसलेली, त्यात आमच्याच बिल्डिंगमधले एक काका. आणि कंपाउंडर ओरडला, ‘मूळव्याधवाल्या काकू कोण? औषध घेऊन जा!’ त्यानंतर सहा महिने मी एकाही डॉक्टरची पायरी चढले नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘विनाऑपरेशन’वाल्या कागदावरून नंबर घेतला आणि चूर्ण मागवलं. ते सहा महिने माझ्या जिवावर बेतू शकले असते. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही आणि तो मी गिळणारही नाही.

तुमच्याकडे मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीत फाइल घेऊन बसला होता. तुम्ही मला पुन्हा विचारलं नाहीत. एकदा त्याच्याकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि त्याला म्हणालात, ‘अरे, काकूंचा घसा कोरडा पडलाय. खालच्या दुकानातून पाण्याची बाटली आणतोस का?’ तो गेला. तुम्ही उठून दार लावलंत, खुर्ची टेबलाच्या या बाजूला घेतलीत आणि हळूच म्हणालात, ‘किती दिवस एकटीने सांभाळताय?’

मी रडले. मग दहा महिन्यांचं सगळं पाच मिनिटांत बोलून टाकलं. निघताना दिसलं, तुमच्या दाराबाहेरच पिण्याच्या पाण्याचा फिल्टर होता.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत, ते मी आता भेटेल त्या बाईला सांगते. रक्त म्हणजे मूळव्याधच असं नसतं. मूळव्याधीचं रक्त ताजं लाल असतं, बहुतेक वेळा न दुखता थेंब थेंब पडतं. शौचाच्या जागी चीर पडली असेल तर शौचाला काचेने कापल्यासारखं दुखतं. आतड्याला सूज असू शकते, जंतुसंसर्ग असू शकतो, आत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब असू शकतो, कॅन्सरही असू शकतो. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट झालं तर रक्त वर जठरातून येत असू शकतं, आणि सांधेदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनी तर ते अंगावर काढूच नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून आपण काय काय घेतो ते डॉक्टरांना सांगायचं. रक्त थांबत नसेल, गाठी पडत असतील, घेरी येत असेल, छाती धडधडत असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं.

माझं रक्त शौचात मिसळलेलं, गडद, सोबत आव. शौचाच्या वेळा बदललेल्या, वजन कमी झालेलं, हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे बरंच कमी. तुमचा चेहरा गंभीर झाला, पण मला घाबरवलं नाहीत. कोलोनोस्कोपीचं, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघतात त्या तपासणीचं, मी लिहीत बसत नाही, आदल्या दिवशीचं ते औषधाचं पाणी पिणंच काय ते जड गेलं. आत एक पॉलिप निघाला, तेव्हाच काढला. तपासणीत कॅन्सर नव्हता, पण वाढू दिला असता तर पुढे काही वर्षांत होऊ शकला असता, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मूळव्याधही होतीच. म्हणजे त्या आधीच्या डॉक्टरांचं निदान खोटं नव्हतं. त्यांनी मूळव्याधीपाशीच थांबायला नको होतं.

कोलोनोस्कोपीच्या दिवशी एक सिस्टर माझ्या पायांवरची चादर सरकली की दर वेळी न सांगता नीट करत होत्या. त्यांचंही नाव मला माहीत नाही. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्या बायका दवाखान्यात तोंड उघडतात. तुमच्या शिक्षणाला, तुमच्या हाताला माझा नमस्कार आहेच, पण त्याहून मोठा नमस्कार त्या लावलेल्या दाराला.

परवा श्रावणी सोमवारी नणंद घरी आली होती. मी माझं सगळं सांगितलं, तशी ती ओट्याजवळ येऊन कानात म्हणाली, ‘वहिनी, मलाही तीन महिने झालेत.’ येत्या गुरुवारी तिला घेऊन येते. भावजी सोबत असतील. त्यांनाही पाणी आणायला पाठवाल ना?

तुमची,
नौपाड्याची पोळीवाली काकू