माझ्या बाप्तिस्म्याविषयी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही एवढेच विचारलेत की, आपल्या घरात काय कमी होते. कमी काहीच नव्हते. मला कोणी पैशाचे, नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवलेले नाही, माझे नाव आणि आडनावही तेच राहणार आहे. तरीही मी बाप्तिस्मा का घेतला, हे इतरांकडून ऐकण्यापेक्षा तुम्ही माझ्याकडून ऐकावे.

त्याचे मूळ आपल्या धाकटीत आहे. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते; पण ओसरीवर बसून नात्यातल्याच वडीलधाऱ्यांनी ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हटले, आणि तेही आई, तुझ्या देखत, तू तिला भरवत असताना. त्यानंतर तुझे उपास वाढत गेले. बाबांनी तो विचार कधी तोंडावाटे काढला नाही. त्यांनी तिला खांद्यावर घेऊन वाखरीचे रिंगण दाखवले. कर्मसिद्धान्त त्या बोलण्याहून पुष्कळ खोल आहे, हे मी जाणतो, आणि बाबांनी तो कोणाला दोष देण्यासाठी वापरला नाही. मात्र ती गेल्यावरही ‘कोणाचे पाप?’ हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात एक जन्मांध भिकारी आहे. त्याला पाहून शिष्य येशूला हेच विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू सांगतो की, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आई, ते वाचताना मला तुझाच चेहरा दिसत होता. इतकी वर्षे तुला हे कोणीतरी सांगायला हवे होते.

पुढे त्या माणसाला दृष्टी येते. आपली धाकटी मात्र बरी झाली नाही. याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते असल्याचे मी तुम्हांला कधी भासवणार नाही. पण ज्या येशूने त्या आईबापांना दोषमुक्त केले, तोच पुढे लाजर या आपल्या मित्राच्या थडग्यापाशी रडतो, पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो, आणि क्रूसावर, आपल्याला टाकून का दिले, असे देवालाच विचारतो. ज्या देवाने येशूच्या रूपाने वेदना स्वतःच्या अंगावर घेतली, त्याच्यापुढे मी धाकटीचे दुःख काहीही न लपवता ठेवू शकलो. मी त्याला ‘प्रभू’ म्हणू लागलो तो यामुळे. बाकीची कारणे याच्यामागून आली.

तुकोबांना मी सोडले, असे मानू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. ख्रिस्तावर त्यांनी अभंगच रचले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या निर्णयाने किती यातना झाल्या, हेही मला ठाऊक आहे. त्यांनी स्वतः 1900 साली बाप्तिस्मा घेतला, पण तो पुढचा भाग सांगून मी तुमच्यापुढे काही सुचवत नाही. मला त्यांच्या आधीच्या पाच वर्षांची आठवण अधिक होते, कारण आज तुम्ही तिथे आहात.

आता तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाविषयी. अग्नी कोण देणार, ही काळजी बाबांच्या मनात असणार. बाबा, तुमचे सर्व काही तुमच्या रीतीप्रमाणेच होईल. जे मंत्र मी विश्वासाने म्हणू शकणार नाही, ते चुलतभाऊ म्हणेल. खांदा मी देईन, अग्नीही तुम्ही म्हणाल तर मीच देईन. धाकटीच्या तिथीला दरवर्षीप्रमाणे घरी येईन. पिंडाला मी हात लावणार नाही, हे मात्र आधीच सांगतो, कारण जे मानत नाही ते केवळ लोकांसाठी करणे तुम्हांलाही आवडणार नाही. तुमची औषधे, आईच्या गुडघ्यांचे उपचार, आषाढीला पंढरपूरपर्यंत सोबत, यांत काहीही बदलणार नाही.

पुढच्या आठवड्यात येत आहे. आई, तुला राग आला असेल तर तो मनात ठेवू नकोस, माझ्यासमोर बोल. बाबा, मामांना मी येईपर्यंत काही कळवू नये. त्यांना मी स्वतः सांगेन.

तुमचा मुलगा