दत्ता, तुझी वेबसाइट पाहिली

पुणे
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

‘वेबसाइट झाली एकदाची, बघ आणि खरं काय ते सांग,’ असं तू लिहिलं होतंस. फोनवर बोललो असतो तर निम्मं ओठातच राहिलं असतं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

लिंक उघडली तर काळ्या पडद्यावर तुझी सही गोल फिरत राहिली. मागे बासरी सुरू झाली. घरात सगळे झोपलेले, मी घाईघाईने आवाज बंद केला. मग बऱ्याच वेळाने पंचगंगेच्या घाटाचं चित्र आलं. ते चित्र मला पाठ आहे रे. पाऊस नुकताच थांबलेला, दगडी पायऱ्या ओल्या काळ्या, आणि पाण्यावरचा उजेड तू रंगाने काढलाच नाहीस, तिथे कागद कोरा सोडलास. तो कोरा कागद साइटवर हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा पिवळा दिसतोय. वरच्या कोपऱ्यात काचेत ट्यूबलाइट चमकतेय आणि खाली मोबाइल धरलेला हात दिसतोय. तरी म्हटलं नीट बघू, तर तीन सेकंदांत ते आपोआप सरकलं आणि पुढचं आलं.

मला फार वाईट वाटलं, दत्ता. ज्या मुलाने साइट केली त्याने मेहनत घेतलीय, त्याला बोल लावू नकोस. पण त्याने सजावट आधी केली आणि चित्रं नंतर बसवली. लग्नाचा हॉल आणि गॅलरी यांत जो फरक, तोच इथे चुकला.

मुंबईत जेजे कला महाविद्यालयात असताना आपण दर आठवड्याला चालत जहांगीरला जायचो, आठवतं? १९५२ साली उघडलेली ती गॅलरी, तिच्या भिंती कशा साध्या. कुणी गाणं लावत नाही, आपण बघत असताना कुणी चित्र ओढून नेत नाही. आपण दोन पावलं मागे जायचो, मग नाक लागेल इतकं जवळ. शेजारच्या चिठ्ठीवर नाव, माध्यम, माप, साल. विकलं असेल तर लाल टिकली. तुझ्या साइटने एवढंच करायचंय. फिरती सही काढ, बासरी काढ, आपोआप सरकणारी पट्टी तर आधी काढ. उघडल्या उघडल्या एक चित्र दिसू दे, आणि बघणाऱ्याला वाटेल तेवढा वेळ ते समोर राहू दे.

पार्श्वभूमी काळी ठेवू नकोस. तेलरंगवाल्याला ती कदाचित चालेल, तुला नाही. जलरंगातला पांढरा म्हणजे कागदच असतो. काळ्यावर तो डोळ्यांत खुपतो आणि गडद वॉशमधले, म्हणजे पातळ रंगाच्या थरांमधले, बारकावे मरून जातात. फ्रेमच्या आत चित्राभोवती माउंटची पट्टी असते, तसा मऊ पांढरा घे. त्या काळ्यावर करड्या अक्षरांत लिहिलेली चित्रांची नावं मला चष्मा लावूनही वाचता आली नाहीत, आपल्या वयाच्या गिऱ्हाइकांना कशी येतील?

आता फोटो. सगळ्यात जास्त इथेच बिघडलंय, म्हणून जरा लांबण लावतो. चित्र फ्रेममधून बाहेर काढल्याशिवाय फोटो काढायचाच नाही. सकाळी नऊ-दहाला तुमच्या मागच्या अंगणात घराची सावली असते, तिथे भिंतीला टेकवून सरळ उभं कर. उन्हात नको आणि ट्यूबखाली तर नकोच. कॅमेरा बरोबर चित्राच्या मध्यावर, त्याच्या समांतर. जरा तिरका झाला की चौकोनी कागद पतंगासारखा दिसतो. मोबाइलने काढणार असशील तर दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम कर, जवळून काढलं की कडा फुगतात. शेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेव, म्हणजे पुढे कॉम्प्युटरवर रंग जुळवताना पांढरं कुठलं ते कळतं. रंग जुळवताना मूळ चित्र समोर हवं, आठवणीवर भरवसा ठेवू नकोस.

फाइल एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, सेव्ह करायला सांग. अॅडोब आरजीबी या दुसऱ्या पद्धतीतली फाइल तशीच चढवली तर काही पडद्यांवर रंग मेल्यासारखे दिसतात, तुझ्या शेताच्या मालिकेत बहुतेक तेच झालंय. आकार म्हणशील तर लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल आणि वजन ५०० केबीच्या आत. तुझं घाटाचं चित्र ९ एमबीचं आहे, म्हणून ते उतरायला इतका वेळ लागतो. बघणारे बहुतेक मोबाइलवर, प्रवासात बघतात. ते थांबत नाहीत. तो मुलगा ३००डीपीआयचा आग्रह धरतोय म्हणालास, तर तो छपाईचा हिशेब आहे, पडद्यावर पिक्सेलच मोजतात. मोठ्या मूळ फाइली मात्र दोन वेगवेगळ्या डिस्कवर जपून ठेव, कॅटलॉगला लागतील.

प्रत्येक चांगल्या चित्राबरोबर एक जवळचा फोटोही दे. घाटाच्या चित्रात डावीकडच्या सावलीत अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसलेत, ती जागा दाखव. जहांगीरला आपण नाक लावून बघायचो ते हेच.

आणि माप! एकाही चित्राखाली माप नाही. पडद्यावर तुझं पोस्टकार्डाएवढं स्केच आणि फुल इम्पीरियल, म्हणजे २२ × ३० इंचांच्या अख्ख्या कागदावरचं चित्र, दोन्ही सारखीच दिसतात. बेंगळुरूत बसून कुणी सोफ्यामागच्या भिंतीचा विचार करत असेल तर त्याला काय कळणार? ‘पंचगंगा घाट, पाऊस. कागदावर जलरंग. १५ × २२ इंच. २०१९.’ उंची आधी, रुंदी नंतर. हे प्रत्येक चित्राखाली अक्षरांत टाइप केलेलं हवं, चित्राच्या फोटोवर चिकटवलेलं नको. फाइलचं नावसुद्धा ‘आयएमजी ४४७२’ असं ठेवू नकोस. गूगलला आणि अंध माणसाच्या मोबाइलला चित्र दिसत नाही, शब्द वाचता येतात.

तेच तुझ्या परिचयाचं. तो मजकूर कॅटलॉगच्या वेळी डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. साइटवर टाकल्यावर त्याची चिन्हांची खिचडी झाली असणार, म्हणून त्या मुलाने अख्खं पान फोटो करून लावलं. आता तुझं नाव मराठीत शोधलं तर ते पान सापडतच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरांत, नव्याने टाइप करून घे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. इंग्रजीत आडनावाचं स्पेलिंग सहीत एक, कॅटलॉगवर दुसरं असं आहे, ते एकच धर. आणि ‘कलासागरातील अनमोल मोती’ हे वाक्य काढून टाक, दत्ता. तू असं कधी बोलत नाहीस. रंकाळ्यावर पहाटे का जातोस ते मला ज्या शब्दांत सांगितलं होतंस, त्याच शब्दांत लिही. कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून माणसं या तळ्यांकाठी बसून चित्रं काढत आलीत, त्या रांगेत तू बसतोस. हे साधेपणाने सांगितलंस तरी पुरे.

चित्रं एकशे चाळीस आहेत, मी मोजली. पंचवीस ठेव. घाट, शेतं, तालमीतली माणसं, असे तीनच कप्पे कर. क्लासच्या मुलांचं प्रदर्शन, गणपतीची आरास, सत्काराचे फोटो यांनी तुझं काम झाकून जातंय. निवडताना हात थरथरतो हे मला ठाऊक आहे. हवं तर मी निवडतो, तू रागाव. विकलेली चित्रं काढू नकोस, लाल टिकली लावून ठेव. आणि लहान चित्रांच्या किमती सरळ लिही असं माझं मत आहे. किंमत विचारायला लाजणारी माणसं खूप असतात, ती न विचारताच निघून जातात.

चोरीची भीती मला समजते, पण चित्राच्या मधोमध नाव छापणं हा त्यावर उपाय नाही. वर सांगितलेल्या आकाराच्या फाइलवरून कुणी मोठी चांगली प्रिंट काढू शकत नाही. उजवं क्लिक बंद केल्याने चोर थांबत नाही, तो स्क्रीनशॉट घेतो, अडतो तो तुझ्यावर लिहू पाहणारा पत्रकार. कॉपीराइट तर चित्र पूर्ण झालं त्याच क्षणी तुझा असतो, नोंदणी लागत नाही. १९५७ चा कायदा आहे, हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. चित्र विकलंस म्हणून तो आपोआप जात नाही. मात्र कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचं पोर्ट्रेट साइटवर आहे, ते त्यांनी पैसे देऊन करवून घेतलंय. तसं काही वेगळं ठरलं नसेल तर अशा कामाचा कॉपीराइट करवून घेणाऱ्याकडे जातो. त्यांना विचारून मगच ठेव, आणि पुढच्या वेळी दोन ओळी कागदावर लिहून घे.

आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. काही वर्षांपूर्वी मी एका ज्येष्ठ चित्रकारांची वेबसाइट केली होती. नाव लिहीत नाही, तू ओळखशील. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, मी माझ्या तेव्हाच्या ऑफिसच्या ईमेलवर घेतलं, कारण सरांचा स्वतःचा ईमेल नव्हता. पुढे मी ते ऑफिस सोडलं. नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या, मुदत संपली आणि ते नाव दुसऱ्याच कुणी घेतलं. सर गेल्यावर त्यांच्या मुलीने मला विचारलं, ‘बाबांच्या चित्रांची यादी साइटवर होती ना?’ कुठलं चित्र कोणत्या साली, कुणाकडे गेलं, ती यादी सरांनी शेजारी बसून मला तोंडी सांगितली होती. ती तेवढ्या एकाच ठिकाणी होती. मी तिला काय उत्तर द्यावं, हे मला आजही सुचत नाही.

म्हणून उद्याच त्या मुलाला विचार, डोमेन कुणाच्या नावावर आहे. ते तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर हवं, आणि पासवर्ड वहिनींच्या वहीतही लिहिलेला हवा. मुदत कॅलेंडरवर लिहून ठेव. संपर्काच्या पानावरचा फॉर्म नेमका कुठे जातो तेही बघ, मी शुक्रवारी त्यातून ‘नमस्कार’ पाठवलाय, तुला मिळाला का?

पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने येतोय, रविवारी सकाळी कोल्हापुरात. घाटाचं चित्र फ्रेममधून काढून ठेव आणि तुझी ती लाल बांधणीची वही शोध, जिच्यात तू चित्रं कुणाला दिली ते लिहायचास. अंगणात सावली असेतो फोटो उरकू, मग दुपारी बसून वही टाइप करू. वहिनींना नमस्कार सांग, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
विनू