सरांनी शब्द दिला नव्हता, बाबा

पुणे, रविवार

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

कांदा चाळीत भरून झाला असं छोटू म्हणाला. आता जरा उसंत मिळाली असेल, म्हणून हे लिहायला घेतलं. फोनवरच सांगितलं असतं, पण माझ्या पळण्याच्या सरांचा विषय निघाला की बाबा, तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. चष्मा लावून सावकाश वाचा. छोटूला मोठ्यानं वाचून दाखवायला मात्र सांगू नका. पुढे काही गोष्टी तुमच्या-माझ्यातल्याच आहेत.

सर या महिनाअखेरीला रिटायर होतायत. आम्ही जुन्या पोरापोरींनी नाशिकला छोटासा कार्यक्रम ठरवलाय. मी जाणारच आहे. तुम्ही दोघांनीही यावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुमचा सरांवर राग आहे, हे काही लपून राहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांसमोर म्हणाला होतात, "त्या मास्तरानं नोकरीचं गाजर दाखवलं आणि पोरीला उन्हातान्हात पळवलं." त्या दिवशी बोलायची सोय नव्हती. आज बोलते.

सर आपल्या घरी आले ती दिवाळीची सुट्टी आठवा. साल २०१०. ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतनं १० हजार मीटरला ब्राँझ मारलं होतं. त्या स्पर्धेत भारताच्या बाईनं ट्रॅकवर एकटीनं मिळवलेलं ते पहिलंच पदक. सावरपाड्याची पोर, आपल्याच जिल्ह्यातली. पारावर पेपरचं ते पान फाटेस्तोवर फिरलं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी पोरीला अंगणाबाहेर पळू दिलं नव्हतं ते लोकही 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणू लागले. त्या हवेत सर आले. फाट्यावर एस.टी.तून उतरून चालत. तुम्ही विचारलंत, "पळून काय मिळतं?" मी चुलीपाशी, दाराआड होते. सर म्हणाले, "मिळेलच असं नाही. पोरीचा दम चांगला आहे, पाय चांगला पडतो. पुढचं मला सांगता येत नाही." नोकरीचं बोलले ते ओट्यावर बसलेले तात्या. "आता सरकारी नोकरी पक्की," असं म्हणत त्यांनी मांडीवर थाप मारली. सर काही न बोलता चहा पीत राहिले. तात्यांचं बोलणं सरांच्या नावावर कसं चढलं देव जाणे, पण गावात असंच होतं.

आता खरा मुद्दा. राज्य स्पर्धेच्या आधी सरांनी यादीतून माझं नाव वगळलं. तुम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या पोरीला घ्यायचं होतं. त्या स्पर्धेत पदक आलं असतं तर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र उपयोगी पडलं असतं, हे तुमचं म्हणणं मी कित्येकदा ऐकलंय. आईला यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं तिलाही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा तुमच्यापुढे तो शब्दसुद्धा काढायची आपल्या घरात रीत नव्हती. आता मी दोन लेकरांची आई आहे, लिहिते.

बाबा, माझी पाळी कित्येक महिने बंद होती. होस्टेलवरच्या पोरी म्हणायच्या, पळणाऱ्यांचं असंच असतं, सुटलीस. मलाही बरंच वाटायचं, कटकट नाही. मग डाव्या नडगीत दुखायला लागलं. सगळीकडे नाही, रुपयाएवढ्या एकाच जागी. सरांनी मला एका पायावर उड्या मारायला लावल्या. तिसऱ्या उडीला मी कळवळले. त्यांनी वही मिटली आणि आमच्या खेळाच्या मॅडमना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. संध्याकाळी मॅडम माझ्या खोलीवर आल्या. पाळी कधीपासून बंद आहे, दुपारी काय जेवतेस, सकाळी पळून आल्यावर काही खातेस की उपाशीच लेक्चरला बसतेस, सगळं विचारलं. स्वतः सरांनी यातलं एक अक्षर मला कधी विचारलं नाही, पण उत्तरं त्यांच्यापर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. बाईला निदान १२ तरी लागतं. एक्स-रेत काही दिसलं नाही, पण डॉक्टर म्हणाले हाडाला बारीक चीर पडायला लागली आहे, अशा चिरा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाहीत, पळणं बंद. अंगाला लागतं त्यापेक्षा कमी खायचं आणि पळायचं मात्र दुप्पट, असं चाललं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं पोकळ व्हायला लागतात. ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं. आमच्या मैदानावर तेव्हा ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. सरांना नाव माहीत नसेल, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं.

वरच्या माणसांना हे पटलं नाही. गोळी देऊन पळवा, १२ फेऱ्यांचा तर प्रश्न आहे, असं सरांना ऐकवलं गेलं. माझ्यासमोर. सर म्हणाले, "पोरगी माझ्या भरवशावर घरच्यांनी पाठवलीय." आणि माझ्या नावावर रेघ मारली. बाबा, त्या दिवशी मीही रागावले होते, रात्रभर रडले. पण नडगीचं हाड मोडून घरी आले असते तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असता?

आणखी एक ऐका. रक्त वाढायला डॉक्टर अंडी, मटण म्हणत होते. सरांनी मेसच्या मावशींना सांगितलं, "माळकऱ्याच्या घरची आहे, तिला ते नको. भिजवलेले हरभरे, मटकी, नाचणीची भाकरी, गूळ-शेंगदाणे, वर लिंबू पिळून द्या. आणि जेवणावर चहा बंद." लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं आणि चहा आडवा येतो, हे मला तिथे कळलं. आई, तू पाठवलेले अहळीवाचे लाडू सरांनी वहीत लिहून घेतले होते, रोज एक. मी मैत्रिणींना वाटून टाकू नयेत म्हणून विचारायचेसुद्धा.

ती वही म्हणजे सरांचं सगळं शास्त्र. उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची, १५ सेकंदांचे ठोके गुणिले चार. आकडा रोजच्यापेक्षा दहाएक ठोक्यांनी जास्त आला की त्या दिवशी हलकं पळायचं, वाद नाही. परीक्षेच्या दिवसांत, घरून तुमच्या दुखण्याचा फोन आला की, माझी नाडी आधी बोलायची आणि सर विचारायचे, "घरी सगळं ठीक ना?" हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी, पण शिट्टी वाजवलेली मला आठवत नाही. ओरडायचे तर कधीच नाहीत. पोरी पहिल्याच फेरीत सुसाट सुटल्या की एवढंच म्हणायचे, "घाई काय आहे? बस चुकतीय का?"

तुम्हाला हे सांगायची गरज नाही खरं तर. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून निघताना जे पहिल्या दिवशी उड्या मारत पुढे पळतात, त्यांच्या पायाला सिन्नरलाच फोड येतात, हे तुम्हीच आम्हाला सांगायचा. सरांचं शिकवणं तेच होतं, फक्त घड्याळ लावून. ५ हजार मीटर म्हणजे ४०० मीटरच्या साडेबारा फेऱ्या. ते मला एक फेरी ८८ सेकंदांत पळायला लावायचे. ८६ आली तरी नाक मुरडायचे आणि ९० आली तरी. सगळ्या फेऱ्या ८८ च्या झाल्या की १८ मिनिटं २० सेकंद होतात. महिनेन् महिने आम्ही हेच घोटलं. घड्याळ न बघता ८८ म्हणजे काय ते अंगात मुरेपर्यंत.

शेवटच्या वर्षी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांत मी पार शेवटून दुसरी होते. दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या पोरी वाऱ्यासारख्या पुढे गेल्या. सर २०० मीटरच्या खुणेपाशी हात मागे बांधून उभे. मी जवळून जाताना नुसती मान हलवायचे. सहाव्या-सातव्या फेरीनंतर एकेक पोरगी मागे यायला लागली. मी वेग वाढवला नव्हता, त्यांचाच उतरला होता. अंगावरून घामाचे ओघळ, तोंडात लोखंडासारखी चव, आणि पायात एका सीनिअरचे जुने स्पाइक्स, बोटांपाशी मोजा कोंबून घातलेले. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा कुठे सर पहिल्यांदा बोलले, "आता जा."

सहावी आले. पदक नाही, नोकरी नाही. सरांनी वही दाखवली. फेऱ्यांचे आकडे एकाखाली एक, बहुतेक ८८, एखादी ८७. "हिशोबात पळालीस. चल, जेवून घे," एवढंच म्हणाले. ते पान मी मागून घेतलं. माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये आहे. तुम्ही ती फाइल पाहिली असेल, पण ते पान तुम्हाला हिशेबाचा कागद वाटला असेल.

आणि नोकरीचं म्हणाल तर, रक्त तपासायला गेले त्या दिवशी लॅबमधल्या बाईंनी माझ्यासमोर नळी फिरवली, आकडा काढला, आणि मी विचारतच राहिले. बी.एस्सी. झाल्यावर डी.एम.एल.टी., म्हणजे लॅबमधल्या तपासण्यांचा कोर्स, करायचं डोक्यात तिथूनच आलं. हे सरांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही, त्यांना ते माहीतही नसेल. पण आज माझं घर ज्या पगारावर चालतं तो पगार कुठून आला, ते तुम्हाला कळावं. लॅबमध्ये होस्टेलच्या, भरतीची तयारी करणाऱ्या पोरी येतात. आकडे बघते, ९, साडेआठ. रिपोर्ट देताना मी त्यांना पाळीचं आणि चहाचं विचारते. कुणी कुणी चिडतात. विचारायचं सोडत नाही.

असो. कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला आहे. शाल-नारळ, दोन शब्द, मग जेवण. फेटे नकोत असं सरांनी निक्षून सांगितलंय. बाबा, तुम्हाला भाषण करायचं नाही, माफी वगैरे तर अजिबात मागायची नाही. सरांना तुमच्या रागाची कल्पना आहे. मागच्या खेपेला फोनवर त्यांनीच विचारलं, "वडील अजून वारीला जातात का?" तुम्ही यंदा जाणार असाल तर गुडघ्याचं त्यांना विचारा, चालण्यातलं त्यांना बरंच कळतं.

छोटूला म्हणावं, सकाळची लवकरची गाडी पकडा, दुपारच्या उन्हात येऊ नका. मी आदल्या रात्रीच मावशीकडे पोचेन. सरांसाठी काही आणायचं असेल तर चाळीतले चांगले सुकलेले पाचेक किलो कांदे आणा. बाजारातली मिठाई आणू नका, त्यांना साखर आहे.

आणि आई, गेल्या वेळी जिना चढताना तुला धाप लागत होती, ते मी विसरलेले नाही. नाशिकला आलीस की तुझंही रक्त देऊन टाकू. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही, तेव्हा एकादशीचं निमित्त सांगू नकोस.

तुमची,
ताई