राफ्ट ‘आपोआप’ उघडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणावर अर्धे पान दिलेत. नेरूळ-बेलापूरमध्ये गल्लोगल्ली सफेद गणवेशातली मुले दिसतात, ती नेमके काय शिकतात हे कोणीतरी लिहायला हवेच होते. त्याबद्दल आभार. पण ‘जहाज बुडू लागले की लाइफराफ्ट आपोआप फुगून वर येतो, अधिकाऱ्याने फक्त माणसे मोजून आत बसवायची’ या वाक्याला काय म्हणावे?

त्याच लेखातला फोटो जरा जवळून पाहा. खाली ओळ आहे ‘सुसज्ज राफ्ट’. फुगवायचा तराफा, म्हणजे राफ्ट, घडी करून ज्यात ठेवलेला असतो त्या पांढऱ्या पिंपावरून पट्टा गेला आहे, तो बरोबर. पण पट्ट्याशेजारून निळ्या नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे थेट क्रेडलला, म्हणजे पिंपाखालच्या बैठकीला, करकचून आवळलेले दिसतात. पावसाळी समुद्रात पिंप हलू नये म्हणून कोणा बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, चांगल्या हेतूनेच बांधले असणार. हे जहाज बुडाले तर ते पिंप त्या निळ्या दोरीसकट तळाला जाईल.

कारण सांगतो. पट्टा डेकला थेट अडकवत नाहीत. मध्ये हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट असते, बोर्डावर सगळे त्याला एचआरयू म्हणतात. ते पाण्याखाली दीड ते चार मीटर गेले की दाबाने आतले पाते सुटते, दोर कापला जातो, पट्टा मोकळा होतो आणि पिंप वर निघते. निळी दोरी कापायला तिथे कोणतेही पाते नसते.

बरे, पिंप वर आले म्हणजे राफ्ट फुगला असेही नाही. पिंपातून निघणाऱ्या दोरीचे, म्हणजे पेंटरचे टोक जहाजाकडे अडकलेले हवे. जहाज खाली जाताना पेंटर पूर्ण बाहेर ओढली जाते, शेवटच्या हिसक्याला गॅसची बाटली उघडते, राफ्ट फुगतो. आता फुगलेल्या राफ्टलाही जहाज खाली ओढणारच. म्हणून पेंटरचे टोक वीक लिंकला लावतात. ही कडी मुद्दाम कच्ची केलेली असते, साधारण सव्वादोनशे किलोच्या ओढीला तुटते. पेंटर डेकवरच्या पक्क्या कडीला शॅकल केली, तर फुगलेला राफ्ट जहाजाबरोबर जातो. पट्ट्याच्या हुकात अडकवली, तर पट्ट्याबरोबर तीही सुटते आणि न उघडलेले पिंप माणसांच्या डोळ्यांदेखत वाहत जाते. दोन्ही चुका वरवर पाहता अगदी व्यवस्थित बांधलेल्या दिसतात, हीच पंचाईत आहे.

त्यात हाताने राफ्ट टाकायचा झाला की नियम उलटा. तेव्हा पेंटर आधी भक्कम जागी बांधायची, मग पिंप पाण्यात. नाहीतर लाटांच्या हिसक्यांनी वीक लिंक तुटून राफ्ट निघून जातो. एकाच दोरीचे दोन कायदे. नव्या थर्ड ऑफिसरचा घोळ इथेच होतो, आणि राफ्टची देखभाल असते त्याच्याच गळ्यात. पेंटर किमान 15 मीटर असते, उंच जहाजावर त्याहून जास्त. चार-पाच मीटर ओढून ‘हा काही उघडत नाही’ म्हणत लोक सोडून देतात. उघडल्यावर झडपांतून फुस्स आवाज येतो, तो जादा गॅस बाहेर पडण्याचा. राफ्ट फाटला समजून कोणी उडी मारायला कचरू नये. एकदाच वापरायच्या एचआरयूची मुदत दोन वर्षे. महिना-वर्ष लेबलवर खुणेने नोंदवायचे असते. अनेकदा त्या लेबलवरच रंगाचा हात फिरलेला असतो.

आता तुमच्या लेखाचा मुख्य मुद्दा, की कोर्स झाला आणि दर पाच वर्षांनी रिफ्रेशर केला की अधिकारी ‘सज्ज’. जहाजावर दर महिन्याला ड्रिल होते हे खरे. पण ड्रिलमध्ये असा राफ्ट कोणी फुगवत नाही, कारण फुगवला की तो सर्व्हिसिंगला किनाऱ्यावर पाठवावा लागतो. म्हणजे खरा फुगलेला राफ्ट बघण्याची हमखास जागा एकच, संस्थेचा तलाव. तिथे तो बहुधा सकाळपासून फुगवून ठेवलेला. पिंप नाही, पट्टा नाही, एचआरयू भिंतीवरच्या तक्त्यात. मुले जॅकेट घालून उडी मारतात, उलटा राफ्ट सरळ करतात. तेही स्थिर, कोमट पाण्यात. समुद्रात गॅसच्या बाटलीची बाजू आधी वाऱ्याच्या आडोशाकडे आणावी लागते, मग बाटलीवर उभे राहून, तोंड वाऱ्याकडे करून राफ्टच्या तळाची पट्टी धरून मागे झुकायचे, म्हणजे पलीकडची कड उचलायला वारा मदत करतो. उलट्या बाजूने प्रयत्न केला की तोच वारा राफ्ट दाबून धरतो. तलावात वाराच नसतो, त्यामुळे कुठूनही ओढले तरी जमते आणि सगळे पास.

संस्थांना एवढेच करता येईल: एक जुने पिंप, क्रेडल आणि मुदत संपलेला एचआरयू वर्गात ठेवावा आणि प्रत्येकाकडून पेंटर स्वतःच्या हाताने लावून घ्यावी. चुकीची लावलेली ओळखायलाही सांगावे. खर्च फारसा नाही. तुम्हीही तो फोटो पुन्हा छापा, मात्र खालची ओळ बदलून.

आपला,
एक वाचक, नेरूळ

ता. क. त्याच पानाच्या तळाशी ‘दहावी पास? थेट मर्चंट नेव्ही, महिन्यात जॉइनिंग’ अशी छोटी जाहिरात आहे. खाली फक्त मोबाइल नंबर. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या एजंटला आरपीएसएल, म्हणजे भरती व नियुक्ती सेवेचा, परवाना लागतो, त्याचा क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. वर सुरक्षेचे धडे आणि खाली ही जाहिरात! छापण्यापूर्वी निदान परवाना क्रमांक तरी मागत जा.