शिवी कुणाला दिली, तेही नोंदवा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : शाळेतील शिवीगाळ आणि तिच्या शिक्षेचे प्रमाण

महोदय,

शाळेच्या शिस्तीच्या नोंदवहीत वरचेवर दिसणारा शेरा म्हणजे "अपशब्द वापरले". त्यातून काहीच कळत नाही. बाकाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून एकाच्या तोंडून "च्यायला" निसटले, तरी हाच शेरा. दुसरा रोज मधल्या सुट्टीत वर्गातल्या एकाला जातीच्या नावाने हाका मारतो, तरी हाच शेरा. मग दोघांच्याही पालकांना बोलावणे जाते आणि दोघेही तीन दिवस वर्गाबाहेर. पहिल्याला अन्याय वाटतो, दुसऱ्याला स्वस्तात सुटल्यासारखे वाटते. ज्याला रोज ऐकून घ्यावे लागले, त्याला कुणी काही विचारतच नाही.

शब्द किती घाण होता किंवा सर किती चिडले होते, यावर शिक्षा ठरू नये. तो शब्द कुणावर सोडला आणि कितव्यांदा, यावर ती ठरावी. एवढे एक तत्त्व मान्य झाले की बाकीचे काम सोपे आहे.

कुणालाच उद्देशून नसलेली, नुसती निसटलेली शिवी जागच्या जागी, हळू आवाजात एकदा टोकून संपवावी. नोंद नको, घरी निरोप तर मुळीच नको. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा झाले, तरच वर्गशिक्षकांनी मुलाला बाजूला घेऊन बोलावे. काही घरांत, काही बोलींत "आयला" हा उद्गार शिवी म्हणून उच्चारलाच जात नाही. अशा मुलाला "हे वर्गात चालत नाही" एवढे सांगणे पुरे, त्याच्या घराचे वळण काढण्याची गरज नाही.

वर्गातल्या कुणाला आईबहिणीवरून शिवी दिली, तर मात्र त्याच दिवशी दखल हवी. पण लगेच नको. तापलेल्या डोक्याने झालेली चौकशी म्हणजे दुसरे भांडण. अर्धा तास जाऊ द्यावा, दोघांचे वेगवेगळे ऐकावे, मग लिहून घ्यावे. माफी ऐकणाऱ्याला हवी असेल तरच मागायला लावावी आणि तीही दोघांपुरती. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वदवून घेतलेल्या माफीचा हिशेब शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर चुकता होतो.

जात, धर्म, अपंगत्व, मुलगी असणे किंवा शरीराची ठेवण यांवरून केलेल्या शिवीगाळीत पहिलीच वेळ असली तरी प्रकरण त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जावे आणि दोन्हीकडच्या पालकांना कळवावे. बसण्याची जागा बदलायची तर शिवी देणाऱ्याची बदलावी. सोयीचे म्हणून सोसणाऱ्यालाच दुसऱ्या तुकडीत हलवले जाते, आणि शिक्षा त्यालाच होते. आठ दिवसांनी व पुन्हा महिन्याने त्याला एकट्याला विचारावे : थांबले का? जातिवाचक शिवीगाळ १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. ती "आपसांत मिटवली" असे शाळेने परस्पर लिहून टाकू नये.

शिवी शिक्षकाला दिली असेल, तर त्याच शिक्षकाने शिक्षा ठरवू नये. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असला की प्रमाण बिघडणारच.

काही शिक्षा सरसकट बंद व्हाव्यात. "काय म्हणालास, पुन्हा बोल!" असे वर्गासमोर दरडावले की दोघांनी ऐकलेला शब्द पन्नास जणांना पाठ होतो. शंभर वेळा माफीनामा लिहायला लावला की लिहिणे हीच शिक्षा ठरते. एकासाठी अख्खा वर्ग उभा केला की राग शिवीवरून उडून शाळेवर येतो. अंतर्गत गुण कापणे तर निव्वळ गैर आहे, गणिताचे गुण गणिताचेच असावेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना मनाई करते, आणि कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. मात्र ते संरक्षण आठवीपर्यंतचे. नववी-दहावीत एका शिवीवरून दाखला हातात ठेवायची वाट मोकळी राहते, ती परिपत्रकाने बंद करावी. (जाता जाता : "गाढव", "मठ्ठ" हे शब्द वर्गात कोण वापरते, हेही मोजायला हवे.)

एक अपवाद लेखी असावा. टुरेट सिंड्रोम (आपोआप झटके येणारा, तोंडून आवाज निघणारा मज्जासंस्थेचा विकार) असलेल्या काही मुलांच्या तोंडून शिवी इच्छेविरुद्ध निघते. त्याबद्दल शिक्षा करणे म्हणजे शिंकेबद्दल शिक्षा करणे. वारंवार, संदर्भाशिवाय, झटक्यासारखे शब्द येत असतील तर शिस्त समितीआधी डॉक्टर.

नोंदीला पाच रकाने पुरतात : नेमका उच्चारलेला शब्द, कुणाला उद्देशून, त्याआधी काय घडले, कितवी वेळ, काय केले. पहिला रकाना भरताना लाज वाटते म्हणून तो गाळला जातो आणि तिथेच सगळे प्रमाण हुकते. नोंदवही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी, वर्षअखेरीस नोंद मिटावी, दाखल्यावर तिचा मागमूस नसावा.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हा एक पानी नमुना काढावा, आणि "अपशब्द वापरले" एवढाच शेरा असलेली नोंद ग्राह्य धरली जाणार नाही, अशी एक ओळ त्यात घालावी.

आपले,
शाळेच्या शिस्तीचे काम रोज पाहणारे काही शिक्षक व समुपदेशक